लाभ, दोन, तीन

झरीच्या मालनबाईच्या हातात उभ्या आयुष्यात तीन हत्यारं आली. उसाच्या फडातला कोयता, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायचा हातोडा आणि शेवटी दाणे उचलायचा चिमटा. पहिल्या दोघांनी तळहाताची सालटी काढली. तिसऱ्यानं तिला बसायला स्टूल दिलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता, खाली विटेचा तुकडा सारावा लागे. पण ते परभणीतल्या सरकारी खोलीतलं स्टूल होतं, आणि ही गोष्ट अख्ख्या झरीला ठाऊक होती. ठाऊक नसेल त्याला मालनबाई स्वतः सांगायची.

ती खोली बियाणं तपासायची. बियाण्यासाठी म्हणून पिकवलेल्या ज्वारीचा नमुना तिथं यायचा. त्यातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या फडक्यावर ओळीनं मांडायचे, फडक्याची गुंडाळी करून रांजणाशेजारच्या ओलाव्याला उभी ठेवायची आणि चौथ्या दिवशी उघडून किती दाण्यांना मोड आले ते सांगायचं. पंच्याहत्तर उगवले तर पोत्यांना बियाण्याचं लेबल. कमी भरले तर चला गिरणीत. सांगायला सोपं काम. करायला बसा म्हणजे कळेल. फडकं जास्त ओलं झालं की दाणा गुदमरतो, कमी ओलं झालं की तहानेनं बसून राहतो. मालनबाई फडकं पिळून गालाला लावून बघायची. "तान्ह्या लेकराचं दुपटं धुऊन वाळत घातल्यावर अर्ध्या घंट्यानं जसं लागतं ना, तसं पाहिजे," ती म्हणायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण तिची गुंडाळी कधी कुजली नाही की वाळली नाही.

अक्षर तिला येत नव्हतं. मोजणी मात्र पक्की. आणि मोजणीची सुरुवात ती 'एक' म्हणून कधीच करायची नाही. पहिल्या दाण्याला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. खळ्यावर धान्य मापताना सगळा मुलूख तसंच म्हणतो. तिची आई परक्याच्या खळ्यावर काठाला उभी राहून ते ऐकत आली होती. माप घालणारा 'लाभ' म्हणायचा, रास संपेपर्यंत मापं पडायची आणि सगळ्यात शेवटी, झाडून काढलेलं, मातीसकट, बलुतं म्हणून आईच्या पदरात यायचं. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनं बुद्धाला वंदन केलं आणि ते पदर पसरणं कायमचं सोडलं. पण आई घरच्या पायलीभर दाण्याची मोजणी 'लाभ' म्हणूनच सुरू करायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "पदर पसरणं सोडलं बाई, बोल कशाला सोडू? पयला दाना माझाबी लाभच हाय."

तर अशा मालनबाईच्या खोलीत पंच्याहत्तरच्या जूनमध्ये नवे साहेब आले. किशनराव त्यांचं नाव, नाशकाकडून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता हो. सरळ होता, कामसू होता, चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पाजायचा. पण नवी सून घरात आली की आधी डबे हलवते, तसं त्यांचं झालं. पहिल्याच आठवड्यात मालनबाई मोजायला बसली, "लाभ, दोन, तीन," आणि शेजारी आकडा लिहून घेणारे राधाकिशन बाबू सवयीनं लिहीत होते, तेवढ्यात साहेब थांबले.

"बाई, पहिल्या दाण्याला काय म्हणालात?"

"लाभ."

"सरकारी खोलीत एक म्हणायचं. उद्या तपासणीला वरचे लोक आले तर हसतील आपल्याला."

मालनबाईनं राधाकिशन बाबूंकडे पाहिलं. बाबूंनी वहीत तोंड घातलं. त्या दिवसापासून ती 'एक' म्हणू लागली, पण तो एक तिला घशात काट्यासारखा लागायचा. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "पयल्याच दान्याला अनाथ केल्यावानी वाटतंय." सूर्यभान कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मनात म्हन की. मनाला काय सायेब हाय का?"

साहेबांनी दुसरा डबा हलवला तो कपाटाचा. आधीचे साहेब नव्या ज्वारीचे नमुने आले की कपाटात टाकायचे आणि दिवाळी होईपर्यंत कपाट उघडायचे नाहीत. लोक त्यांना आळशी म्हणायचे, आणि खोटं का बोला, होतेच ते आळशी. किशनरावांनी हुकूम काढला, नमुना आला की त्याच दिवशी मांडायचा. कपाट रिकामं करून त्यात वह्या लावल्या. सगळ्यांना वाटलं, वा, आता कामं झटपट होणार.

झटपटच झाली. आश्विन लागताच नव्या ज्वारीचे तीन नमुने लागोपाठ नापास झाले. पहिल्यात शंभरातले अकरा उगवले, दुसऱ्यात चौदा, आणि तिसऱ्यात सात. तिसरा नमुना पेडगावच्या गोजरबाईचा होता.

गोजरबाई दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः खोलीवर आली. पन्नाशीची कुणबी बाई, नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन एकर बियाण्याची ज्वारी तिनं एकटीच्या जिवावर पिकवलेली. दारातच खाली बसली. "मला ठावंच व्हतं नापास हुनार," ती म्हणाली. "घटातसुदिक उगवली न्हाई. ह्याच ज्वारीचे दाने घटाच्या मातीत पेरले व्हते. नऊ दिस पानी घातलं. लोकाच्या घटाला वीत वीत तुरे, आन् माझ्या घटाला नुसती माती. गावातल्या बाया म्हनायल्यात, देवी कोपली. बी मेलं माझं."

किशनरावांना वाईट वाटलं. त्यांनी तिला पाणी दिलं. मग मालनबाईला बाजूला बोलावलं आणि जपून बोलले. पण जपून बोललं तरी सुरी ती सुरीच.

"बाई, तिन्ही गुंडाळ्या तुमच्या हातच्या. तीन वेगवेगळी शेतं, तीन वेगवेगळे शेतकरी, आणि निकाल एकच. फडक्याला साबण राहतो का, हाताला काही लागतं का, मला कळत नाही. घटाचं मी धरत नाही, मातीत किडामुंगी असते. पुढच्या आठवड्यापासून दुसरी बाई लावून बघू. तुमच्यावर राग नाही."

आता मालनबाईच्या जागी दुसरी कुणी असती तर रडली असती, किंवा पाया पडली असती. मालनबाईचे कान तापले. स्टूल गेलं तर काय होणार ते तिच्या डोळ्यापुढं लख्ख होतं. मुकादम मुंजाजीचा ट्रक चार दिवसांनी झरीहून उसाच्या फडाकडे निघणार होता. मुकादमाला पाहिजे असतो कोयता, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ही तीन वर्षं सूर्यभान भावाला जोडीला घेऊन जात होता, कारण मालनबाईला काम होतं. काम गेलं की तीही ट्रकात, आणि तिच्यामागं चौथीतली लेक सत्यशीलाही ट्रकात, पाटी घरात खुंटीला. फडावरच्या पाचटाच्या कोपीत पोरीनं उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करत सहा महिने काढायचे, हे मालनबाईनं स्वतः सहा हंगाम पाहिलं होतं. ते ती पोरीच्या नशिबी येऊ देणार नव्हती. आणि दुसरं असं, की तिच्या हाताला कुणी असं नाव ठेवलेलं तिला सोसण्यासारखंच नव्हतं.

"सायेब," ती म्हणाली, "बी मेलं न्हाई. निजलंय."

"म्हणजे?"

मालनबाई रांजणाशी गेली आणि गोजरबाईच्या नमुन्याचं फडकं घेऊन आली. न उगवलेले त्र्याण्णव दाणे तिनं फेकले नव्हते. तिनं त्यातला एक चिमटीत धरला आणि साहेबांपुढं केला. "दाबा."

किशनरावांनी दाबला. दाणा टणक होता. तिनं दुसरा दिला, तिसरा दिला. सगळे टणक.

"मेलेला दाना चार दिस पान्यात ऱ्हायला की पिचतो. दह्यावानी पांढरं पानी निघतं, वास मारतो, बुरशी धरतो. ह्याच्यात एक तरी पिचला का? पानी पिऊन टम्म झालाय, निस्ता उठायला न्हाई. झोपलेल्या मानसाला तुमी मयत म्हनून खांद्यावर घेता का?"

राधाकिशन बाबूंना खोकला आला. तो खोकला नव्हता, हसू होतं.

"आन् आनखी एक," मालनबाई थांबणार थोडीच होती. "भादव्यात आठ दिस झड लागली व्हती, आठवतं? ज्वारी कापायला आलेली, कनसं भिजून वली चिंब. मी आयतवारी पेडगावला गोजरबाईच्याच रानात कापनीला गेल्ते, माझी बहीन तितंच दिली हाय. शेजारच्या रानात उभ्या ताटावर कनसाला मोड आले व्हते, हिरवी मिशी फुटल्यावानी. ती ज्वारी ढोराला घातली. गोजरबाईच्या रानात एका कनसाला मोड न्हवता. तवा सगळे म्हनले, हिची ज्वारी लय चांगली, पावसात उगवली न्हाई. आता तेच लोक म्हनायलेत, फडक्यात उगवली न्हाई, म्हनून वाईट. आठ दिस पावसात जिला जाग आली न्हाई, तिला तुमच्या चार दिसाच्या फडक्यात कशी यील? आमच्या घरी घट बसत न्हाईत, पर मातीतबी दाना तोच आन् फडक्यातबी तोच."

गोजरबाई दारातून मान वर करून ऐकत होती. किशनरावांनी कपाळावर हात मारून घेतला, अगदी हळू, आणि वह्यांच्या मागचं एक जाड पुस्तक काढलं. पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून उभ्या उभ्या वाचत राहिले. ते पान त्यांनी परीक्षेला पाठ केलं होतं. पण नाशकाकडे त्यांच्या हाताखालून गेलं ते सगळं वर्षभर कोठीत पडलेलं बियाणं; शेतातून निघून पंधरा दिवस न झालेला दाणा त्यांनी कधी फडक्यात घातलाच नव्हता.

"खरं आहे तुमचं," ते म्हणाले. "दाणा कणसात भरत असतो तेव्हा त्यात एक द्रव्य साठतं. ते अंकुराला निजवून ठेवतं, आईच्या अंगावरच फुटू नये म्हणून. कुठल्या जातीत ते जास्त असतं, कुठल्या जातीत कमी. दाणा वाळला, महिना दोन महिने पडून राहिला, की त्याचा जोर ओसरतो. मग पाणी मिळालं की अंकुर दुसरं द्रव्य तयार करतो, ते उठवणारं. ते सालीखालच्या थरापर्यंत जातं. त्या थरातून पाझर सुटतो, पिठाची साखर होते, आणि ती खाऊन अंकुर वर येतो. पुस्तकात नावं मोठी आहेत. पहिल्याला ॲब्सिसिक आम्ल म्हणतात, दुसऱ्याला जिबरेलिन."

"नावं ऱ्हाऊ द्या," मालनबाई म्हणाली. "एक निजवनी, एक उठवनी." मग जरा विचार करून म्हणाली, "म्हनूनच मोड आलेल्या ज्वारीची भाकर गोडूस लागती. थापताना हाताला चिकटती, तव्यावर टाकस्तोर फाटती. पिठाची साखर झाल्यावर भाकर कशी धरंल?"

किशनरावांचं बोट पुस्तकावरच राहिलं. हे पान ते वर्षानुवर्षं ओळखत होते, पण त्या पानाची भाकरी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. तसं ते बोललेही. त्यासाठी माणूस चांगलाच असावा लागतो.

"मग आता दिवाळीपर्यंत थांबायचं," राधाकिशन बाबू म्हणाले. "जुने सायेब थांबायचे तसं."

"थांबता येणार नाही," किशनराव म्हणाले. "नापासाची यादी चार दिवसांनी वर जाते. त्यात नाव गेलं की पोती गिरणीत." त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि खोबरेल तेलाच्या बाटलीएवढी एक तपकिरी बाटली काढली. "हे उठवणारं द्रव्य. नाशकाहून येताना आणलं होतं, कधी लागलं नाही. याच्या पाण्यात फडकं भिजवायचं. दाणा खरंच निजलेला असेल तर उठेल. मेलेल्याला हे उठवत नाही." आणि मग, सवयीनं, "राधाकिशन, तुम्ही मांडा."

"न्हाई," मालनबाई म्हणाली.

साहेबाला 'न्हाई' म्हणायची त्या खोलीत पद्धत नव्हती.

"बाबूंनी मांडलं आन् उगवलं, तर तुमी म्हनाल हात बदलला म्हनून उगवलं. मग बी निर्दोष सुटंल आन् माझा हात तेवढा अडकंल. दोन्ही गुंडाळ्या मीच मांडते. एकाच पोत्याचे दाने. एकाला साधं पानी, एकाला तुमचं दवापानी. फडकं तेच, पिळनं तेच, रांजन तोच. माझ्या हातात दोष असंल तर दोन्ही मरतील. साधी ऱ्हायली आन् दवाची उठली, तर हाताला नाव ठेवायचं न्हाई कुनी."

किशनराव तिच्याकडे बघतच राहिले. कॉलेजात प्रयोग कसा मांडावा ते शिकायला त्यांना एक वर्ष लागलं होतं. "मांडा," ते म्हणाले.

मालनबाईनं हात धुतले, सगळ्यांसमोर, राखेनं, साबण न लावता. शंभर दाणे इकडे, शंभर दाणे तिकडे. दोन्ही फडकी पिळून गालाला लावली. गुंडाळ्या बांधून रांजणाशेजारी उभ्या केल्या, आणि साध्या पाण्याच्या गुंडाळीला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली, म्हणजे अदलाबदल नको.

ते चार दिवस तिनं कसे काढले असतील? तुम्हाला वाटेल तळमळत. छे. जेवली पोटभर. झरीच्या एसटीत नेहमीच्या जागेवर बसून नेहमीच्या बाईशी भांडली. शेजारणीनं विचारलं, गाठोडं बांधलं का फडावर जायला, तर म्हणाली, "कशाला? दाना उठनार हाय." सूर्यभाननं मात्र आपलं गाठोडं बांधताना हळूच दोन गोधड्या जास्त घेतल्या. मालनबाईनं त्या पाहिल्या, काढल्या, घडी घालून परत वळकटीवर ठेवल्या. सत्यशीलानं ते पाहिलं की नाही, कोण जाणे. पोरगी पाढे म्हणत होती.

चौथ्या दिवशी मुंजाजीचा ट्रक दुपारी निघणार होता. निघताना सूर्यभान म्हणाला, "ट्रक शाळेपाशी थांबवतो. बारापस्तोर वाट बघतो." ती म्हणाली, "नगा बघू. दिवाळीला सुट्टी घिऊन यीन भेटायला." आणि सकाळची एसटी पकडली.

खोलीत गोजरबाई आधीच येऊन बसली होती. राधाकिशन बाबूंनी वही उघडली. किशनराव म्हणाले, "आधी चिंधीची."

मालनबाईनं साध्या पाण्याची गुंडाळी टेबलावर उलगडली. टम्म फुगलेले, गप्प पडलेले दाणे. चिमट्यानं मोड आलेले तिनं बाजूला काढले. "एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चार. पाच. सहा." संपले. गोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

मालनबाईनं दुसऱ्या गुंडाळीला हात घातला. किशनरावांनी तिचा हात थांबवला.

"ही मी उघडतो," ते म्हणाले. "मोजतोही मीच. उद्या कुणी म्हणायला नको की बाईनं वाढवून मोजले." आणि त्यांनी हात पुढं केला. "चिमटा द्या."

तिनं चिमटा दिला. चार दिवसांत तेवढीच एक गोष्ट तिला अवघड गेली.

साहेबांनी दोरा सोडला. फडक्याची एक घडी उलटली, मग दुसरी. ओळीच्या ओळी उठल्या होत्या. पांढरी मुळं खाली, फिकट हिरवे कोंब वर, एकमेकांच्या अंगावर रेललेले, फडक्यातून बाहेर पडायला निघालेले. गोजरबाई उठून टेबलापाशी आली आणि बोट लावायचं धाडस न होऊन नुसतीच वाकून बघत राहिली. तिच्या घटात नऊ दिवस जे आलं नव्हतं ते इथं होतं.

मालनबाईचे डोळे भरून आले. दाणे उठले म्हणून नव्हे, ते तर उठणारच होते. खोलीत सगळे तिच्या हाताकडे बघत होते, आणि कुणाच्या नजरेत शंका नव्हती, म्हणून.

राधाकिशन बाबूंनी टाक उचलला. किशनरावांनी पहिला मोड चिमट्यात अलगद धरला, फडक्यावरून सोडवला आणि कोऱ्या कागदावर ठेवला. मालनबाईकडे पाहिलं.

"लाभ," ते म्हणाले.

बाबूंनी लिहिलं. साहेबांनी चिमटा तिच्यापुढं धरला. तिनं पदरानं डोळे पुसले, स्टूल ओढलं, आखूड पायाखाली वीट सारली आणि नीट बसली.

"दोन," मालनबाई म्हणाली.